टाकीवरचा माणूस

ललिताने रविवारी गच्चीचा चौफेर फोटो काढून लॅपटॉपवरच्या ताऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवला होता. नाशिक रोडच्या त्यांच्या कॉलनीत समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी शनीला कधी झाकणार, ते त्यात आधीच कळायचं. वेळ पुढे सरकवली की तारे सरकायचे. गच्ची मात्र तशीच राहायची, फोटोच तो.

आज दिवेलागणीला तिचा नवरा दिनेश दुर्बीण घेऊन वर गेला आणि ललिता खाली लॅपटॉप उघडून बसली.

स्क्रीनवरच्या फोटोत टाकीवर एक माणूस उभा होता. फोटो काढताना तिथे चिटपाखरूही नव्हतं. टाकी धुणारा असेल, नजरेतून सुटला असेल, असं स्वतःलाच समजावत तिने वेळ सातवर नेली. शनी खाली आला. माणूसही टाकीवरून उतरून समोरच्या कठड्यावर आला होता.

तिचं बोट थांबेना. साडेसातला तो त्यांच्याच गच्चीवर होता. दुर्बीण मांडायच्या जागी, थेट तिच्याकडे तोंड करून.

तिने घाईघाईने वेळ मागे, अगदी आत्तावर आणली. शनी पुन्हा वर चढला. माणूस मागे गेला नाही.

ललिता जिन्याकडे धावली. "दिनेश, खाली ये! आहेस तसा खाली ये!"

"अगं, तूच ये ना वर," दिनेशचा हसरा आवाज आला. "हे समोरचे काका केव्हाचे तुझ्यासाठी थांबलेत."