घटनेची मुळं

नागरिकशास्त्राच्या बाईंचा दरवर्षीचा पहिला तास ठरलेला असायचा. “देशाची घटना कधी तयार झाली?” असं त्या विचारायच्या आणि मुलं पाठ केलेली तारीख घडाघडा म्हणून टाकायची. बाई सरळ निम्मे गुण कापायच्या. “कुठलीही घटना एका दिवसात होत नाही, बाळांनो. आधी तिची मुळं सांगा, तारीख शेवटी.”

आज त्याच बाई पोलीस ठाण्यातल्या लाकडी बाकावर बसल्या होत्या. मनगट प्लास्टरमध्ये होतं. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. तक्रार लिहून घेणारी पोलीस त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. बाईंना पाहून ती आधी सवयीने उभीच राहिली, मग खाली बसून तिने कागद पुढे ओढला.

“बाई, घटना कधी घडली? तारीख आणि वेळ सांगा.”

बाईंनी चांगल्या हाताने तो कोरा कागद तिच्यापुढे नीट सरळ केला. मग वर्गातल्याच संथ आवाजात म्हणाल्या,



“तारीख शेवटी, बाळ. आधी माझ्या लग्नापासून लिहायला घे.”