उमेराच्या कवितेचे रसग्रहण

वाच्यार्थावर थांबणारा विद्यार्थी नजमाबाईंना मुळीच खपत नसे. त्यांच्या घरच्या शिकवणीत पसंतीची मोहोर उमटली, तरच नातीची, म्हणजे उमेराची, कविता चंद्रपूरच्या स्पर्धेला जाणार होती. बाईंनी ती खणखणीत आवाजात वाचली:

"ती गरजली की फळीवरची भांडी थरथरतात,
आम्ही श्वास रोखून उभे राहतो;
धूळ बसली की तीच पाठीवरून हात फिरवते."

"ती म्हणजे कोळशाची खाण!" बाईंनी निकाल दिला आणि सुरुंगाच्या हादऱ्यांवर अर्धा तास रसाळ विवेचन केले. "पटले का?"

"खाणच हाये, दादी!" उमेरा घाईने म्हणाली. इतर मुलींनीही भराभर माना डोलावल्या.

"पण बाई," रंजीता चाचरली, "खाण पाठीवरून हात कशी फिरवन जी?"

"मग कोण फिरवते?" बाई कडाडल्या.

उमेराने मान खाली घातली. बाईंच्या आवाजाने फळीवरची भांडी थरथरली.



"स्पर्धेला पाठव," कविता उशिरा कळलेल्या नजमाबाई त्या वर्गात प्रथमच हळू आवाजात म्हणाल्या.