नाडीची चाल

वाद्यवृंदाच्या मास्तरांनी सकाळची गोळी जिभेवर ठेवली आणि लगेच काढून रुमालात गुंडाळली.

"गिळा," बायको म्हणाली. ती वृंदात मोठा ड्रम वाजवायची. बोलायचीही तशीच, ठोक्याठोक्यानं.

"अगं, दुपारी कार्यक्रम आहे. ही घेतली की लय मरते."

मास्तर लय घेत ती मनगटावरून. आपलीच नाडी चाचपायची आणि त्या वेगानं छडी फिरवायची, हा बावीस वर्षांचा शिरस्ता. नाडी कायम घोड्यावर, म्हणून वृंदही घोड्यावर. महिन्यापूर्वी रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली आणि सगळ्याची बैलगाडी झाली. तालमीत बासरीवाल्यांचा श्वास संपायचा, सूर काही संपायचा नाही. 'मास्तर थकले' अशी कुजबुज होती. त्यांनीही ठरवून टाकलं होतं, आज रटाळ वाजलं तर छडी कायमची खाली.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? गोळी मेंदूत जाते आणि हृदयाला चाबूक मारणाऱ्यालाच खाली बसवते. नसा सैलावतात, ठोके सावकाश पडतात. पण अचानक सोडली, की तो गडी दुप्पट चवताळून उठतो. मला ड्रम वाजवायचाय हो, तुम्हाला उचलून न्यायचं नाहीये!"

मास्तरांनी रुमाल उलगडून गोळी गिळली.

दुपारी सभागृह गच्च भरलं. एरवी एवढ्या गर्दीनं छाती धडधडली असती. आज तोंड तेवढं कोरडं, नाडी ढिम्म. शेवटची चाल वृंदाची सगळ्यात गाजलेली. कागदावर नाव नाही, नुसता क्रमांक सात. दरवर्षी तिच्यावर लोक पाय आपटत. आज तिसऱ्याच ओळीला एकानं जांभई दिली. मग माना कलू लागल्या. एक बाळ आईच्या खांद्यावर चक्क घोरू लागलं.

सूर थांबले. टाळी नाही. मास्तरांनी छडी बायकोच्या ड्रमवर ठेवली. "संपलं गं," ते पुटपुटले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक आजीबाई काठी टेकत मंचापाशी आल्या. ही चाल त्यांनीच बांधलेली. डोळे पुसत होत्या.

"बावीस वर्षं तुम्ही इतक्या हौसेनं वाजवायचात, की सांगायचा धीरच झाला नाही," त्या म्हणाल्या. "मास्तर, ती अंगाई आहे."