तिसऱ्यांदा तुटलेली वायर

"दाब," झिव्को ट्रकच्या मागून ओरडला.

"दाबलाय," केबिनमधून ल्युबेनचा आवाज आला.

ब्रेकचे दोन्ही दिवे मेलेलेच. तीन आठवड्यांत हे तिसऱ्यांदा होत होतं, आणि तिन्ही वेळा ल्युबेन जर्मनीला निघायच्या दिवशी सकाळीच. दिवे लागत नसतील तर डॅन्यूबच्या पुलावरच पोलीस गाडी बाजूला घेतात, म्हणजे गाडी यार्डातच अडकून पडणार.

झिव्कोने बल्ब काढून पाहिले. चांगले होते. फ्यूजही शाबूत होता. पेडलमागच्या स्विचला त्याने टेस्ट लॅम्प लावला. करंट स्विचच्या आत येत होता, बाहेरही पडत होता. म्हणजे बिघाड स्विच आणि दिव्यांच्या मधे कुठेतरी होता. तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला आणि एकेक वीत वायर चाचपत निघाला.

मागच्या चाकाच्या वर, काळ्या नळीच्या आत, ती तुटलेली सापडली. दोन्ही टोकं अगदी सरळ कापलेली होती. मागच्या दोन्ही वेळी त्याने स्वतःची समजूत घातली होती, की घासून तुटली असेल. आता ती समजूत पटेना.

एका टोकाचा तुकडा कापून घेऊन तो बाहेर आला तेव्हा ल्युबेन खाली उतरून सिगारेट ओढत होता.

"उंदीर असणार," ल्युबेन म्हणाला. "आमच्या शेजाऱ्याच्या गाडीची सगळी वायर खाल्ली."

"हा उंदीर पक्कड घेऊन येतो वाटतं."

ल्युबेन हसला नाही. त्याने सिगारेट बुटाखाली विझवली आणि बराच वेळ तिथेच बूट घासत राहिला.

झिव्कोला राग आला होता. मालक पेन्चेव त्याला दोन आठवडे टोमणे मारत होता, की तीस वर्षं काम केलेल्या इलेक्ट्रिशियनला ब्रेकचे दोन दिवे सांभाळता येत नाहीत. पण ल्युबेनच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचा आवाज खाली आला.

"रोसित्सा कशी आहे?"

ल्युबेन जूनमध्ये या यार्डात आला. त्याआधी तो दुसऱ्या कुणाकडे गाडी चालवायचा. त्याचं गाव चाळीस किलोमीटरवर. तिथलं यार्डात कुणीच नव्हतं. त्याच्या बायकोला पोटाचं दुखणं आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत, एवढं त्याने एकदा जेवताना झिव्कोला सांगितलं होतं. तेव्हापासून तो भेटला की झिव्को विचारायचा.

"तिला एकटीला टाकून कसा जाऊ, सांग," ल्युबेन म्हणाला.

"रजा माग ना."

"माझी रजा संपली. यापुढे नाही मिळायची."

पेन्चेव ऑफिसमधून तरातरा येत होता. ल्युबेनने दोन्ही हात खिशात घातले.

"काय निघालं?" पेन्चेवने विचारलं. "आज मला छडा हवाय. कुणी मुद्दाम करत असेल तर आत्ताच्या आत्ता हाकलतो."

झिव्कोने हातातला वायरचा तुकडा चिंध्यांच्या डब्यात टाकला.

"उंदीर आहेत, मालक. आत सगळी कुरतडलीय. पुढून मागपर्यंत नवी वायर ओढावी लागेल."

"किती दिवस?"

"आठवडा धरा. वरवर जोडून दिली तर रस्त्यात पेट घेईल."

"त्या दोन दिव्यांसाठी आठवडा?" पेन्चेव पुटपुटला, ल्युबेनकडे बघून म्हणाला, "तुझा माल दिमोच्या गाडीत चढव, आणि जा घरी," आणि निघून गेला.

"माझ्यामुळे तुला खोटं बोलावं लागलं," ल्युबेन म्हणाला.

"गप बस. घरी काय करशील?"

"मिरच्या भाजायच्यात. मग तिच्यापाशी बसेन."

ती वायर जोडायला झिव्कोला वीस मिनिटं पुरली असती. तो रोज गाडीखाली जाऊन तास-तासभर पडून राहायचा, मालकाला दिसावं म्हणून. चौथ्या दिवशी पेन्चेव वाकून पाहून गेला, तेव्हा झिव्को पक्कड उचलून घाईने वायर चाचपल्यासारखं करू लागला. नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार होतं? पण घरी बायकोला, गिन्काला, त्याने सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंस. माणूस एकदाच मरतं." रविवारी सकाळी उठून तिने मऊ चीज घालून बनित्सा, पापुद्र्यांची भरलेली पोळी, भाजली आणि ताट कापडात बांधून दिलं. "रोसित्साला घास तरी जाईल," ती म्हणाली.

दुपारी झिव्को गावात पोहोचला. घरोघरी मिरच्या भाजणं चालू होतं, सगळ्या गल्लीत तोच खमंग धूर. ल्युबेनच्या फाटकावर फोटोचा कागद चिकटवलेला त्याला लांबूनच दिसला. गावात कुणी गेलं की असा कागद लागतो. ताट घेऊन तो गाडीतच बसून राहिला. उशीर झाला. पण निदान ल्युबेन घरी होता, शेवटी तिच्या उशाशी होता, एवढं तरी आपल्या हातून झालं, असं त्याने स्वतःला समजावलं आणि मग तो उतरला.

फोटोतली बाई हसत होती. खाली रोसित्साचं नाव होतं, आणि लिहिलं होतं, "तुझ्याविना सहा महिने."

हा आठवणीचा कागद होता. झिव्कोने मृत्यूची तारीख दोनदा वाचली. चौदा मार्च.

फाटक उघडून ल्युबेन बाहेर आला. मिरच्या सोलून त्याची बोटं काळी झाली होती. त्याने कागदाकडे पाहिलं, झिव्कोच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

"मी निघालो त्या सकाळी ती थांब म्हणाली होती, झिव्को," तो म्हणाला. "त्या दिवशी गाडीत काहीच बिघाड नव्हता."