टाकीची किल्ली

“मावशी, टाकीची किल्ली द्या. उद्या लेकीचं लग्न आहे, पाचशे माणसं जेवायची आहेत,” चर्चचे पंच हनोखराव मुलांच्या रविवारच्या शब्बाथशाळेच्या दारातूनच म्हणाले.

चर्चच्या छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी मंडळीने माझ्याकडे सोपवलं होतं. गावची विहीर आटली होती आणि मृगाला अजून दोन महिने होते.

“नाही देणार. हे मुलांच्या पिण्याचं आहे. मांडवासाठी टँकर सांगा.”

“वीस वर्षं बायबल शिकवता, अन् विश्वास एवढाच? काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला!”

“केला की. पण आधी रांजण पाण्याने काठोकाठ भरून घेतले, हनोखराव. रिकाम्या रांजणातून नाही काढला.”

मुलं खुदकन हसली. पंचांचा चेहरा लाल झाला. “पुढच्या रविवारी सभेत किल्ली काढूनच घेतो तुमच्याकडून!”

“त्याला अजून सात दिवस आहेत,” मी म्हणाले आणि टाकीचं कुलूप उघडलं. वर्ग सुटला की प्रत्येकाला एक तांब्या, हा माझा नियम. रांगेत सगळ्यांत पुढे त्यांचीच नात उभी होती. तिचा तांब्या भरताना मी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.