कॉरिंथचा झेंडा

"अंकल, फेविकॉल नको!" शर्वाणी ओरडली. "कॉरिंथ विल चेंज साइड्स!"

राजनने थर्माकोलच्या नकाशावरचा लाल झेंडा तसाच धरून ठेवला. लाल स्पार्टाचे, निळे अथेन्सचे. शर्वाणी आणि त्याची ओवी एकाच वर्गात. प्राचीन ग्रीसच्या लढायांचा प्रोजेक्ट दोघींना मिळून करायचा होता. दुबईतली शुक्रवार-शनिवारची सुट्टी, आणि अल मनखूलमधल्या राजनच्या घरच्या हॉलमध्ये जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

"पण कॉरिंथ तर स्पार्टाचा जिगरी दोस्त ना?"

"वॉर जिंकल्यावर कॉरिंथ सेड, अथेन्स पुसून टाका. स्पार्टा सेड नो," ओवी म्हणाली. "देन, नाइन इयर्स लेटर, कॉरिंथ जॉइन्ड अथेन्स. अगेन्स्ट स्पार्टा."

"कमाल आहे बुवा." राजन हसायला गेला, पण जमलं नाही.

शर्वाणीचे बाबा राजाभाऊ त्याच्याच ऑफिसात. सहा वर्षं दोघं एकाच गाडीने जुमेरा लेक टॉवर्सला जात होते, एक आठवडा याची गाडी, एक आठवडा त्याची. दोन हजार नऊ उजाडलं, मंदी आली आणि साहेबाने दोघांना वेगवेगळं बोलावून सांगितलं, तुमच्यातला एकच राहणार, कोणाला काढायचं त्याचं नाव गुरुवारपर्यंत द्या. जाणाऱ्याचा व्हिसा खलास. तीस दिवसांत बायकोमुलांसकट देश सोडायचा. गाडीतच दोघांनी हातावर हात मारून ठरवलं, एकमेकांचं नाव द्यायचं नाही. गेला उडत तो साहेब.

काल गुरुवारी राजनने राजाभाऊचं नाव दिलं.

आज सकाळी उठल्या उठल्या त्याने राजाभाऊच्या घरचं मोदकपात्र कपाटातून काढलं, घासलं आणि पिशवीत घालून दाराशी ठेवलं. दोन गणपती झाले, पडून होतं. इथे उसनं आणलेलं परत कोण करतो? कुणी कायमचं निघालं की मगच आठवण होते, आणि त्या वर्षी दर आठवड्याला कुणी ना कुणी निघत होतं. लाज वाटत होती राजनला. पण त्यांचं भांडं त्यांच्या सामानात जायला हवं.

बेल वाजली. राजाभाऊ मुलीला न्यायला आला होता. हातात राजनचं ड्रिल मशीन, तीन वर्षांपूर्वी पडद्याचा रॉड बसवायला नेलेलं. वायर नीट गुंडाळून वर रबरबँड लावलेला.

"हे कशाला आणलंस?"

"असू दे रे. तुझं तुझ्याकडे असलेलं बरं." राजाभाऊ नकाशाकडे बघत होता.

राजनने पायानेच ती मोदकपात्राची पिशवी पुढे सरकवली. राजाभाऊने आत डोकावलं आणि चपला न काढताच दाराजवळच्या स्टुलावर बसला.

"नाव कधी दिलंस?" त्याने हळूच विचारलं.

"काल. जेवायच्या आधी."

"मी जेवल्यावर."

काल दोघांनी एकाच डब्यातली भाजी वाटून खाल्ली होती. आता साहेबाकडे दोन्ही नावं होती.

"बाबा, सी!" शर्वाणीने कॉरिंथवरचा लाल झेंडा उपटला आणि त्याच भोकात निळा खोचला.

राजाभाऊ उठला. मोदकपात्राची पिशवी उचलून, मुलीला हाक मारून तो दारात थांबला.

"रविवारी ऑफिसला गाडी माझी," तो म्हणाला. "सातला खाली ये."