तळघरातली रेंज

“इथं खिळा बी ठोकायचा न्हाय,” शरणबसप्पा म्हणाले आणि रेकॉर्ड रूमच्या दारात हात आडवा धरून उभे राहिले. “आत हजारो पेशंटचे कागद हायत. भुगा पडला तर झाडणार कोण?”

शिडी खांद्यावर घेतलेली जास्मिन नुसती हसली. धाराशिवच्या त्या पाच मजली दवाखान्यात ती चार दिवस रेंज बसवत होती. गच्चीवर मोठा अँटेना, तिथून खाली सोडलेली तार आणि जागोजागी छताला उपड्या वाटीएवढी पांढरी डबी. तेवढ्यानं जाड भिंतींच्या आत मोबाईल लागायला लागायचा. वरच्या पाचही मजल्यांवर लोकांनी तिला बोलावून बोलावून चहा पाजला होता. तळघरात मात्र आधी किल्लीच सापडेना. मग इथले उंदीर तारा कुरतडतात असं निघालं. आणि आता हा भुगा.

“मीच झाडते, काका. मग तर झालं?”

शरणबसप्पांचा आडवा हात खाली आला.

खरं सांगायचं तर तळघरात त्यांचं झकास चाललं होतं. चौदा वर्षं ते इथल्या फायली सांभाळत होते. वरून कुणी फाईल मागितली तर माणसाला जिने उतरून यावं लागायचं, तोवर त्यांची एक डुलकी होऊन जायची. फोन का लागत नाही म्हणून कुणी विचारलंच, तर उत्तर तयार असायचं, “रेंज न्हाय, साहेब.”

घरी मात्र याच रेंजनं आपला घात केला, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या बायकोनं, नागूबाईंनी, पोरीचं नाव परस्पर लातूरला नर्सिंगला घातलं. अंगणातला गळका हौद बुजवून तिथं न्हाणी बांधली. थोरल्या जावेशी सहा वर्षांचा अबोला होता, तो मोडून तिला जेवायला बोलावलं. दर वेळी शरणबसप्पा संध्याकाळी घरी येऊन कुरकुरायचे, “मला विचारायचं तरी!” आणि दर वेळी नागूबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, “लावला हुता की फोन. लागलाच न्हाय.” पुढं बोलायची सोय नव्हती. फोन लागत नाही हे साऱ्या गावाला त्यांनीच सांगून ठेवलं होतं.

आज सकाळीही तसाच एक विषय निघाला होता. पोरीला, शिवरंजनीला, संभाजीनगरच्या दवाखान्यात नोकरी लागली होती, परवा हजर व्हायचं होतं. पोरगी कागद हातात धरून समोर उभी होती. शरणबसप्पा “बघू” म्हणाले आणि डबा घेऊन निघून आले.

तासाभरात डबी छताला बसली. शरणबसप्पांच्या खिशात मोबाईल टिंग टिंग करू लागला.

“आली रेंज! घरी लावून बघा, काका.”

“म्या कशाला लावू? आता तिचाच येतो बघ. दिवसातनं चार चार बारी लावत असती बिचारी. लागत न्हाय, करणार काय?”

जास्मिननं रेंज किती आली ते बघायला त्यांचा मोबाईल हातात घेतला. “एवढे मेसेज! तुम्ही उघडत न्हाय काय?”

“कंपनीचेच असत्यात.”

“कंपनीचेच, पण कामाचे हायत. रेंज नसताना कुणी फोन लावला, की ती मागनं कळवती. हे बघा, तुमच्या साडूचे सहा. रेशनवाल्याचे दोन. काकूंचा नंबर कुठला?”

त्यांनी सांगितला. जास्मिन बोटानं मेसेज मागं सारत राहिली. दोन वर्षं मागं गेली, पाच वर्षं मागं गेली.

“काका, ह्या नंबरचा तर एक बी न्हाय.”

“नीट बघ.”

तिनं पुन्हा बघितलं. मग मोबाईल त्यांच्या हातात ठेवला आणि झाडू घेऊन भुगा गोळा करायला लागली.

शरणबसप्पा स्टुलावर बसले. कान तापले होते. एवढी वर्षं आपल्याला उल्लू बनवलं! घरी गेल्यावर काय काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवायला घेतलं. नर्सिंग, न्हाणी, जाऊ. पण एकेक आठवता आठवता त्यांच्या ध्यानात आलं, की विचारलं असतं तर प्रत्येकाला आपण “बघू” म्हणालो असतो. आणि त्यांच्या बघूला तीन तीन उन्हाळे लागायचे.

त्यांनी घरचा नंबर लावला.

“अगं, म्या बोलतोय. तळघरातनं.”

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग नागूबाईंचा आवाज आला, “अगं बया! लागला व्हय?”

“लागला. आन तुझा आजवर एक बी फोन आल्याला न्हाय, ते बी कळलं.”

“मग? भांडायला लावलाय?”

“न्हाय,” शरणबसप्पा म्हणाले. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. “आता रेंज हाय. काय विचारायचं ते विचार.”

“खरंच विचारू?”

“विचार की.”

“शिवरंजनीला धाडू का संभाजीनगरला?”

‘बघू’ अगदी ओठांवर आलं होतं. शरणबसप्पांनी ते आवंढ्यासारखं गिळलं.

“धाड,” ते म्हणाले. आवाज किंचित चिरकला, म्हणून पुन्हा एकदा म्हणाले, “खुशाल धाड. उद्या सकाळच्या गाडीत म्या स्वतः बसवून देतो तिला.”

“बरं झालं बाई, हो म्हणलात,” नागूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. “तिच्या गाडीनं मगाशीच येडशी मागं टाकली.”